हवालदारांची बॅलन्स्ड वायर

माणसाच्या आयुष्यात असे निर्णय मोजकेच येतात, की ज्यांच्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. साताऱ्याचे निवृत्त हवालदार कृष्णात यांच्यापुढे सत्त्याण्णव साली असा निर्णय आला. हेडफोनला वायर साधी घ्यावी, की बॅलन्स्ड?

याला कारण एक जुनी कॅसेट. हवालदार सिक्कीमला फौजेच्या सिग्नल दलात होते, तेव्हा त्यांच्या पत्नी बनुबाईंनी गावाकडून बोलून पाठवलेली. तीत गाय व्यायली, परड्याची भिंत पडली, हे सगळं समजत होतं. फक्त मागं सारखी घरघर होती, आणि शेवटी, लाजून तोंड फिरवावं तशा आवाजात, "आवं, जरा..." एवढं म्हणून पुढचं वाक्य त्या घरघरीत बुडालं होतं.

जरा जपून ऱ्हावा? जरा लवकर या? विचारायची सोय नव्हती. कारण परतीच्या कॅसेटमध्ये हवालदारांनी मोठ्या मायेनं सांगून टाकलं होतं, "तू शेवटी म्हनलीस, तसंच करतो बघ."

ते बुडालेलं वाक्य ऐकू यावं म्हणून हवालदार हेडफोन घ्यायला गेले, तेव्हा सांगलीचा रेडिओवाला मिलिंद म्हणाला, "साध्या वायरीत दोन्ही कानांची परतीची तार सामाईक असतीय. बॅलन्स्डमध्ये ज्याची त्याची वेगळी."

"म्हंजी वाटणी झालेलं भाऊ."

"तसंच. पण हवालदारसाहेब, तिला मशीनपण तसलंच लागतंय."

हवालदारांनी चुलतभावांशी सामाईक विहिरीवरून पंधरा वर्षं दावा चालवला होता. त्यांनी बॅलन्स्ड घेतली. मग तसलं मशीन बनवून घेतलं. ते एस.टी.त मांडीवर घेऊन साताऱ्याला आणलं. घरघर होतीच. मिलिंदला फोन केला, तर तो म्हणाला, "अर्थिंग बघा." फौजी माणूस अर्थिंग करतो ते कायमचं. परसात खड्डा घेतला, कोळसा आणि खडेमीठ भरलं, तांब्याची पट्टी पुरली. आठवड्यात बनुबाईंचं अळू पिवळं पडून बसलं.

घरघर मात्र आता कधी नव्हे इतकी स्वच्छ येत होती. दोन्ही कानांत, स्वतंत्र.

"माझं अळू मारून एवढं काय ऐकताय, बघू तरी," म्हणत बनुबाईंनी हेडफोन काढून स्वतःच्या डोक्याला लावला. बनुबाई बराच वेळ ऐकत राहिल्या. चेहरा मऊ झाला.

"नाथाजीमामांची गिरण ही," त्या म्हणाल्या. "टेप त्यांच्याकडंच हुता न्हवं का. आनि घरी बोलायचं तर सासूबाईंचा कान माझ्याकडं."

"ही घरघर गिरणीची?"

"मग कशाची? दळान टाकलं आनि बसले बोलत."

हवालदारांनी खुर्ची जवळ ओढली. "आनि शेवटाला? आवं जरा, म्हनलीस ते?"

"ते व्हय? ते मामास्नी. जरा बारीक दळा म्हनलं."

हवालदारांनी वायर बोटांत धरून बघितली. वायर खरोखर चांगली होती.

बनुबाईंनी हेडफोन काढून त्यांच्या हातात दिला. "तुमची 'तसंच करतो' म्हनून कॅसेट आली तवा मला लय वाईट वाटलं हुतं. म्हनलं, यवढ्या थंडीत ह्यास्नी तितं दळाय लावत्यात."

"न्हाई," हवालदार म्हणाले. "फौजेच्या लंगरला पीठ तयारच यायचं."