कोन? कुठनं? कशापायी?

नानांनी एकदा आमच्या शेठजींच्या सख्ख्या मेहुण्यांना दुकानाच्या पायरीवर दहा मिनिटं उभं करून ठेवलं होतं. मेहुणे थेट राजस्थानातून आलेले, हातात मिठाईचा पुडा, आणि दारात नाना. "कोन? कुठनं? कशापायी?" मेहुण्यांनी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली आणि तिसऱ्याला भडकले. "बहिणीला भेटायला कारण लागतं का?"

नाना शांतपणे म्हणाले, "लागत न्हाई. पन सांगावं लागतं."

जुन्नरच्या बाजारपेठेत कांतीशेठचं ठिबक आणि पाइपांचं दुकान होतं. मी तिथे बिलं करायचे. दोन हजार सालानंतर शेठजींनी चार कॉम्प्युटर घेतले, पाचवा सर्व्हर, आणि टेलिफोनच्या एकाच तारेवर सगळ्यांना इंटरनेट. बेल्ह्याच्या आणि घोडेगावच्या शाखांच्या ऑर्डरी मेलने यायला लागल्या. त्यांच्या पाठोपाठ व्हायरसही आला आणि तीन दिवस आम्ही हाताने बिलं लिहिली. मग पुण्याच्या इंजिनिअरने सर्व्हरवर फायरवॉल आणि प्रॉक्सी बसवली. म्हणजे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीने आधी सर्व्हरपाशी थांबायचं. तिथे नियमांची यादी. ती वरून खाली वाचायची, जो नियम पहिला लागू पडेल तो खरा.

"हे रोज बघणार कोण?" इंजिनिअरने विचारलं. गोदाम सांभाळणारे नाना पुढे झाले. "गेटच की ह्ये. मी बघतो."

नाना मूळचे घाटघरचे. पिंपरीच्या एका कारखान्याच्या गेटवर उभी हयात गेलेली. माउस त्यांनी पहिल्यांदा दोन्ही हातांनी धरला, पण ती नियमांची भानगड आमच्या कुणाहीआधी त्यांना समजली. "आमच्या नाणेघाटात कोकनातनं माल चढायचा. वर दगडी रांजन हाय. त्यात जकात टाकल्याबिगर भलाभला फुडं जात न्हवता. आपला सर्वर म्हंजी रांजन." झालं. सर्व्हरचं नाव रांजण पडलं. शेठजीसुद्धा पुण्याला फोन करून सांगायचे, "रांजण अडकलाय, माणूस पाठवा," आणि पलीकडचा नवखा मुलगा "राँग नंबर" म्हणून फोन ठेवायचा.

एखादी साइट उघडून हवी असेल तर नानांकडे अर्ज करायचा. त्यात तीनच रकाने: कोण, कुठून, कशासाठी. मंजूर-नामंजूर अर्ज एका तारेला टोचून दारामागे लटकत, आणि येणारा-जाणारा ते चवीने वाचे. खुद्द शेठजींनी शेअर बाजारासाठी अर्ज केला, तर त्यावर शेरा पडला: "नामंजूर. बीपी वाढतं." क्रिकेटचा स्कोअर भारताची बॅटिंग असेल तेवढाच वेळ. फुकटच्या मेलच्या साइटी मात्र सगळ्यांना सरसकट बंद. व्हायरस म्हणे त्याच वाटेने आला होता.

आणि मला नेमकी त्यातलीच एक साइट हवी होती.

माझं लग्न होऊन पाच महिने झाले होते तेव्हा आमचे हे मस्कतला इलेक्ट्रिशियन म्हणून गेले. पत्रं सासऱ्यांच्या नावाने यायची आणि धाकटे दीर ती ओसरीवर सगळ्यांना वाचून दाखवायचे. फोन आला की अख्खं घर भोवती गोळा. दोन वर्षांत मला नवऱ्याशी एक वाक्य एकटीने बोलता आलं नव्हतं. एका पत्राच्या तळाशी ह्यांनी मेलचा पत्ता लिहिला होता. दिरांनी तो वाचायचा सोडून दिला. मी पाठ केला.

अर्ज लिहिला. कोण: सुनंदा. कुठून: बिलिंग. तिसऱ्या रकान्यात काय लिहिणार? तारेवर लटकणार होता तो. नानांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं. "ताई, रकाना रिकामा हाय. नामंजूर." आणि कागद तारेला न टोचता खिशात घातला.

आठवड्याभराने जेवणाच्या सुट्टीत मी सहज ती साइट टाइप केली. उघडली! मला वाटलं, नानांच्या तटबंदीला भोक सापडलं. मग काय, रोज दीड ते दोन मी आणि मस्कत. मी पोटभर भांडले, रुसले, रडले, आणि की-बोर्ड पदराने पुसून बिलांना बसले.

त्याच सुमारास नानांनी नवीनच खूळ काढलं. सर्व्हरच्या उष्णतेने डब्यातलं अन्न विटतं, म्हणून सगळ्यांनी गोदामात जेवायचं. "काउंटरला एक मानूस पायजे. ताई बसंल." स्वतः डबा घेऊन पायरीवर, दाराकडे पाठ करून बसायचे आणि येईल त्या गिऱ्हाइकाला अडवायचे. "कोन? कुठनं? कशापायी?"

वर्षाची तपासणी करायला इंजिनिअर आला. नोंदी चाळताना म्हणाला, "शेठ, रोज दीड ते दोन कुणीतरी मेल बघतंय. कुठल्या मशीनवरून, ते सांगतो..." मशीन माझंच निघणार होतं. नोकरी गेली असती, आणि ते अर्ध्या तासाचं घर गेलं असतं.

"त्यो मीच," नाना म्हणाले.

शेठजी सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलले. नाना मान खाली घालून उभे. पुढे कित्येक महिने दुकानभर चेष्टा चालली, "नाना, तिकडून उत्तर आलं का?" पायरीवर बसणारा माणूस माझ्या मशीनवर कसा असेल, हे मला एकटीला माहीत होतं. मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. साइट मात्र दुसऱ्या दिवशीही उघडली.

नाना काम सोडून गावी गेले तेव्हा रांजण माझ्याकडे आला. नियमांची यादी उघडली. सगळ्या बंदीच्या वर, अगदी पहिला नियम: माझं मशीन, ती एक साइट, दीड ते दोन. शेऱ्यात रोमन अक्षरांत नानांचं मराठी: "सुनंदा. कारण विचारू नये."

भोक नव्हतंच. दार होतं ते, आणि नानांनी पहिल्या दिवसापासून उघडून ठेवलं होतं.

हे कायमचे परत आले, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आम्ही दोघं मिठाईचा पुडा घेऊन घाटघरला गेलो. नाना दारातच होते. ह्यांना म्हणाले, "कोन? कुठनं?" आणि तिसऱ्या प्रश्नाआधी हसले.

मग मीच विचारलं, "नाना, तो नियम कशापायी?"

नाना आतल्या भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे बघत म्हणाले, "पिंपरीहून मी हिला पत्र धाडायचो. हिला वाचता येत न्हवतं. पोस्टमन देवळाम्होरं बसून वाचायचा, समद्या गावादेखत. मंग काय लिवनार? 'मी खुशाल आहे. भात लावला का?' नोकरी व्हती तवर त्येच लिवलं. कारखाना बंद पडला, घरी आलो. म्हनलं, आता निवांत बोलू. तर दोन म्हयन्यांत ही गेली."

मला आभार मानायचे होते. वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती, पण मी नुसता मिठाईचा पुडा पुढे केला. नानांनीच ह्यांना विचारलं, "बोलला न्हवं ताईशी? समदं?"

हे लाजून म्हणाले, "लई बोललो, नाना."

"मंग झालं," नाना म्हणाले, आणि दारातून बाजूला झाले.