दानियलकाकांची नागावी मराठी

दानियलकाका मासळी घेताना आधी वाक्य तपासत आणि मग मासा. आक्षीची कोळीण दारात टोपली उतरवून "काका, ताजं बांगडं हायत" म्हणाली, की काका पुढे केलेलं ताट मागे घेत. "ताजे बांगडे आहेत, असं म्हण. मग घेतो." ती म्हणत नसे. एकदा ही शिकवणी चालू असताना मांजराने टोपलीतला एक बांगडा पळवला. कोळीण शांतपणे म्हणाली, "मांजरीला बगा काका, तिला कसंबी बोललेलं चालतं." काकांनी त्या दिवशी दोन बांगडे जास्त घेतले, पण तिला 'बघा' म्हणायला लावूनच.

काका आमचे नागावचे शेजारी. त्यांच्या परसाला लागूनच आमची नारळीची वाडी. जातीचे बेने इस्रायल, म्हणजे कित्येक पिढ्या आमच्या किनाऱ्यावर राहिलेले, घरात मराठीच बोलणारे यहुदी. त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असे, म्हणून गाव त्यांना अजून शनवार तेलीच म्हणे. काका स्वतः अलिबागच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. शनिवारी त्यांना कसलंही काम वर्ज्य, आणि दुसऱ्याची भाषा सुधारणं हे त्यांच्या मते कामच होतं. त्यामुळे गावातली टवाळ मंडळी नेमकी शनिवारी त्यांच्या ओटीवर येऊन तोंडाला येईल तसं बोलत. काका डोळे मिटून सोसत बसत.

त्यांच्या लेखी मराठीची हद्द फार लहान होती. "पुण्याचे लोक बोलतात बरं, पण ते नागावचं नव्हे," असं ते कनवाळूपणे म्हणत. मी तेव्हा नुकता एका छापखान्यात कामाला लागलो होतो. संध्याकाळी त्यांच्या ओटीवर बसलो की एकेका शब्दाची ते अशी उलटतपासणी घेत, की मी घरी गेल्यावर आईशीसुद्धा जपून बोले. आज चार ओळी बऱ्या लिहितो, ते त्या ओटीच्या पुण्याईवर. हे उपकार मी विसरलेलो नाही.

काकांचा खरा वैरी थळचा सायमन. दोघे लांबचे मावसभाऊ. सायमनचं सगळं आयुष्य कोळ्यांच्या शेजारात गेलेलं, त्यामुळे तो त्यांच्यासारखाच बोले, आणि ऐटीत बोले. देश स्वतंत्र झाल्यावर काही वर्षांत बेने इस्रायलांची कुटुंबामागून कुटुंबं इस्रायलला निघाली. काकांचा मुलगा एली बायकोला आणि तान्ह्या रूथला घेऊन गेला. काकी आधीच वारलेल्या. तिकडे जाणाऱ्या मुलांसाठी आपली मराठी कीर्तनं आणि गाणी छापून द्यावीत, असं अलिबागच्या बैठकीत ठरलं आणि छापखानेवाला म्हणून मलाही बोलावलं गेलं.

कुठल्या मराठीत छापायची, इथे गाडी अडली.

"देवाशी बोलायचं तर नीट बोलायला नको?" काका म्हणाले.

"द्येव काय नागावलाच उतरला व्हता?" सायमन म्हणाला. "आमी थळात बोलतो, त्यालाबी ऐकू जातं."

एका तरुणाने सुचवलं, की मराठी हिब्रू अक्षरांत छापावी. त्याला गप्प करण्यापुरते दोघे एक झाले आणि मग पुन्हा जुंपले. पुस्तक काही निघालं नाही. दोघांचं बोलणं मात्र तुटलं. पुढल्या साली सायमनही इस्रायलला गेला. निरोप द्यायला सगळे गेले, काका गेले नाहीत.

मग ओटी ओस पडत गेली. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ते जमेनासे झाले.

अशीच बरीच वर्षं गेली आणि एलीने कळवलं, की आता मोठी झालेली रूथ महिनाभर येते आहे. काका हरखले आणि दुसऱ्याच दिवशी खचले. एलीच्या घरातही आता हिब्रूच चाले; तिकडे वाढलेली पोर तीच बोलणार. काकांची हिब्रू प्रार्थनेपुरती. "त्या भाषेत मला देवाची स्तुती करता येते," ते मला म्हणाले, "चहा घेतेस का, एवढं विचारता येत नाही. माझी नात माझ्यासमोर बसणार आणि आम्ही एकमेकांकडे बघून हसणार. किती वेळ हसणार?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

रविवारी दुपारी रूथ आली. उंच, उन्हाने रापलेली मुलगी. काका दारात हात जोडून उभे राहिले, पाहुण्याला उभं राहावं तसे. तिने त्यांना मिठी मारली आणि म्हणाली, "आजा, किती वाळलायस रं. जेवतोस का न्हाय? मना लई भूक लागलीय, कायतरी दे."

थेट थळची बोली. मी धास्तावून काकांकडे पाहिलं. ते तिच्या तोंडाकडे बघत होते, ती पुढे आणखी काही बोलते का म्हणून.

"हे तुला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"सायमनआजानं. दिसभर कारखान्यात असतो, सांजच्याला आमाला घेऊन बसतो. मी कटाळले का म्हनतो, नागावला तुजा आजा एकला हाय, त्याच्यासंगं बोलाया तरी शीक."

काका आत गेले. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता, पण चहा काही येईना. शेवटी रूथनेच जाऊन केला.

त्या महिन्यात त्यांनी तिचा एकही शब्द सुधारला नाही. सकाळपासून दोघांची बडबड आमच्या वाडीपर्यंत ऐकू येई. ती निघायच्या आदल्या दिवशी काकांनी मलिदा केला. नवस फेडायचा, देवाचे आभार मानायचे, तर ही मंडळी गोड पोहे, खोबरं आणि फळं ताटात मांडून प्रार्थना म्हणतात. माणसं जेमतेम पाच जमली. तरी प्रार्थना झाली, आणि तिच्यात काकांनी सायमनचं नाव घेतलं आणि त्याला दीर्घायुष्य मागितलं.

"आजा, त्याला काय सांगू?" रूथने विचारलं.

काकांनी तिच्या ओंजळीत मलिदा घातला. "सांग, महिनाभर मी त्याच्याशीच बोलत होतो."