वझेकाकांचा स्क्रूड्रायव्हर

वझेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजला भेटतात, मग माणसांना. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढायचा, टोक मशीनला, मूठ कानाला, आणि डोळे मिटून उभं राहायचं. मोहालीतल्या आमच्या सोसायटीत मराठी घरं दोनच, त्यांच्या मुलाचं आणि माझं. त्यामुळे माझा मिक्सर दर रविवारी तपासला जातो. त्यांची नात वैतागून म्हणते, "आजोबा, मिक्सी है, पेशंट नहीं."

काकांचा जन्म वीजकेंद्रात टर्बाइनची थरथर तपासण्यात गेला. मीही मेकॅनिकलचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला, हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकतो. काकांनाही सांगितलं. ते म्हणाले, "छान. तडा गेलेला शाफ्ट कधी ओळखू येतो?"

दांडा फिरत असताना, असं मी ठोकून दिलं.

"चालताना बरेच धड वाटतात रे. बंद कर, वेग उतरू दे. थांबता थांबता हादरला की समज, आत तडा आहे."

ऐन जूनमध्ये त्यांनी सोसायटीच्या पाण्याच्या पंपाला हेच निदान लावलं. सेक्रेटरी सोढीजींनी माझं मत विचारलं. डिग्रीला जागून मी मान डोलावली. पंप खोलला गेला. सगळी सोसायटी दिवसभर बादल्या घेऊन टँकरमागे, आणि शाफ्टवर साधा ओरखडाही नाही. सोढीजींनी हात जोडले, "अंकलजी, बस लिफ्ट को हाथ मत लगाना."

त्यानंतर काका खाली उतरेनात. माझ्या मिक्सरकडेही कुणी फिरकेना. मग एका सकाळी दारात उभे. "चल, परत ऐकू. कान गेला असेल तर माझ्याकडे दुसरं आहे काय?"

पंपाच्या खोलीत मी बटण बंद केलं. शाफ्ट मंदावला. "बघ, हादरतोय," काका डोळे मिटून म्हणाले. शाफ्ट थांबला. स्क्रूड्रायव्हर मात्र हादरतच होता.

"काका, पंप थांबलाय."

त्यांनी डोळे उघडले. आधी पंपाकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे. डाव्या हाताने तो दाबून धरला. ऐकेना.

"म्हणजे कान ठीक आहे," ते म्हणाले.

मुलाला सांगून डॉक्टरांकडे जाऊ, असं मी म्हणालो. जाऊ म्हणाले, आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. "आता तू धर."

मी पंप सुरू करून टोक टेकवलं. काकांनी वाकून मुठीला कान लावला आणि तोल सावरायला उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला. ती थरथर माझ्या पाठीपर्यंत पोचत होती.

"हलू नकोस रे," काका म्हणाले.