सदर बेटावर उतरण्याबाबत

जमिनीवर पाय ठेवणे ही वरकरणी सोपी क्रिया आहे. लहान मूल ती अकराव्या-बाराव्या महिन्यात शिकते. परंतु हीच क्रिया एका सोसायटीतल्या नऊ सभासदांनी मिळून करायची असेल, तर तिला नियमावली लागते. नियमावली मोडून ती केल्यास काय अनर्थ ओढवतो, हे सांगण्यासाठी हे टिपण आहे.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या 'निवांत' गृहनिर्माण संस्थेतल्या नऊ जणांनी गेल्या सप्टेंबरात ग्रीसच्या एका बेटाजवळ शिडाच्या बोटीवर आठ दिवस मुक्काम केला. (बेटाच्या नावाच्या उच्चाराबद्दल एकमत न झाल्याने इतिवृत्तात सर्वत्र 'सदर बेट' असे लिहिले आहे.) कल्पना अध्यक्ष मधुकर सामंत यांची. बोटीवरच राहायचं, तिथेच जेवायचं-झोपायचं, आणि मन होईल तेव्हा किनाऱ्यावर उतरून बेट पालथं घालायचं. 'मन होईल तेव्हा' हे शब्द मसुद्यातून पहिल्याच बैठकीत वगळण्यात आले. मी संस्थेचा मानद सचिव. इतिवृत्त माझ्या हातचं आहे, त्यामुळे त्यात चूक असण्याचा प्रश्न नाही.

बोटीवर आम्ही फार लवकर रुळलो. टाकीतलं पाणी मोजकं, म्हणून सकाळी सहा ते साडेसात आणि संध्याकाळी अर्धा तास अशी पाण्याची वेळ ठरवली. कप्तान निकोस म्हणाला, पाणी संपलं तर बंदरातून भरता येतं. त्याला समजावलं की प्रश्न पाण्याचा नाही, शिस्तीचा आहे. ओले टॉवेल कठड्यावर वाळत घालायला बंदी केली. दोन्ही संडासांच्या दारांवर सूचना चिकटवल्या. केबिनबाहेरच्या चपलांवरून एक तक्रार आली, ती मधुकररावांनी सामोपचाराने मिटवली. दुसऱ्या सकाळी मला क्षणभर आपण मुलुंडातच आहोत असं वाटलं आणि, खरं सांगतो, बरं वाटलं.

बेट समोरच होतं, हाकेच्या अंतरावर. पांढरी घरं, टेकडी, टेकडीवर निळ्या दाराचं छोटं चर्च आणि उतारभर ऑलिव्हची झाडं.

अडचण रबरी होडीची होती. मोठी बोट काठाला लागत नाही. जा-ये करायला मागे एक रबरी होडी बांधलेली असते. तिच्यात कप्तान सोडून चार माणसं बसतात. आम्ही नऊ. म्हणजे चार जण आधी उतरणार, चार जण वीस मिनिटांनी आणि एक जण चाळीस मिनिटांनी. आता पहिल्या चौघांनी त्या वीस मिनिटांत काय केलं असतं? फोटो काढून ग्रुपवर टाकले असते. ते मुलुंडात, ठाण्यात आणि न्यू जर्सीत पाहिले गेले असते, आणि मागे राहिलेल्यांच्या सुनांनी विचारलं असतं, "बाबा, तुम्ही कुठे दिसत नाही ते?" हा अन्याय टाळण्यासाठी ठराव क्रमांक एक संमत झाला: उतरायचं तर सगळ्यांनी एकदम, आणि तोवर ग्रुपवर एकही फोटो टाकायचा नाही. एकदम उतरणं होडीला झेपणारं नसल्याने, ठरावाचा अर्थ लावायला तीन जणांची उपसमिती नेमली.

उपसमितीने पाच दिवस कसून काम केलं. फ्लॅट नंबरानुसार उतरावं, तर तळमजल्याचा फायदा होतो. आडनावानुसार उतरावं, तर अभ्यंकरांचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले प्रबुद्ध जाधव म्हणाले, "अरे यार सामंत, चिठ्ठ्या टाक ना! वाट लावलीस तू ट्रिपची." पण चिठ्ठ्या कोणाच्या अक्षरात लिहायच्या, यावर तो प्रस्ताव बारगळला. तिसऱ्या दिवशी बोट लागल्यामुळे दोन सभासद आडवे झाले आणि कोरम भरेना. उपविधीनुसार सभा अर्ध्या तासासाठी तहकूब केली. तेवढ्यात तिसरा आडवा झाला. चौथ्या दिवशी निकोसने शेजारच्या बोटीची होडी मागून आणली. आता एका वेळी आठ जण जाऊ शकत होते. (प्रगती: ८८.८९ टक्के.) उरलेल्या एकाचं काय, या तत्त्वाच्या प्रश्नावर ती होडी सन्मानपूर्वक परत करण्यात आली. निकोस तेव्हा ग्रीकमध्ये बराच वेळ काहीतरी बोलत होता. ते आभार समजून नोंदवले आहेत.

या काळात बेटाचा अभ्यास थांबला होता असं कोणी समजू नये. दुर्बिणीची पाळी लावली होती, माणशी दहा मिनिटं. निष्पन्न पुढीलप्रमाणे: चर्च तीन, शेळ्या एकेचाळीस (दोनदा मोजल्या), गाढव एक (वादग्रस्त). डेकवरून काढलेले फोटो अकराशे चाळीस. पैकी हजारात आम्हीच पुढे आहोत आणि मागे थोडं बेट आहे.

एकच सभासद सहकार्य करीत नव्हती. मृणालिनी वैद्यबाई, वय एकाहत्तर. मुलुंडच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवलेला. भूमध्य सागरी हवामान, कोरडा उन्हाळा, हिवाळ्यात पाऊस, पिके ऑलिव्ह व द्राक्षे, हा धडा चौतीस वेळा शिकवून झालेला, आणि ऑलिव्हचं झाड एकदाही पाहिलेलं नाही. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. घाटकोपरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे पाहायचं ते या वर्षात पाहून घ्या. दुर्बिणीची पाळी आली की बाई ती दोन मिनिटांत परत करायच्या. "मला यातून नुसतं धुकं दिसतं हो. मला झाडापाशी जायचंय."

"बाई, सगळ्यांनाच जायचंय," मधुकरराव प्रेमाने म्हणाले.

"मग मला सगळ्यांत शेवटी ठेवा. पण जाऊ द्या."

या त्यागाबद्दल बाईंच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने संमत झाला. जाऊ मात्र देता आलं नाही, कारण शेवटी जाण्यासाठी आधी कोणीतरी जावं लागतं.

सहाव्या सकाळी उपसमिती नाश्ता करत असताना निकोस नेहमीप्रमाणे पाव आणायला निघाला, आणि बाई सरळ त्याच्या होडीत जाऊन बसल्या. प्रबुद्धच्या बायकोने, दर्शनाने, त्यांच्या हातात टोपी आणि पाण्याची बाटली दिली. मी हे सगळं पाहिलं. ओरडलो नाही. मला बाईंचा हेवा वाटला, इतका की हातातला टोस्ट तसाच राहिला. इतिवृत्तात यातलं काही नाही.

बाई संध्याकाळी पाचला परतल्या. गुडघा खरचटलेला, साडीला काटे, चेहरा उन्हाने लाल. लगेच चौकशी समिती बसली.

"कुठे गेला होतात?"

"वर. चर्चपर्यंत. मग येताना वाट चुकले."

"एकट्या?"

"एक म्हातारी भेटली. तिने चीज दिलं. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची नाही. दोन तास बोललो."

"फोटो?"

"फोन इथेच राहिला ना." मग त्यांनी पदराच्या गाठीतून एक पान काढलं आणि डोळ्यांजवळ नेलं. "चौतीस वर्षं मी पोरांना सांगितलं, पान लहान, जाड, मेणचट. सगळं बरोबर होतं. पण हे उलटून बघा. मागून रुपेरी असतं! वारा आला की अख्खा उतार रंग बदलतो. हे मला ठाऊकच नव्हतं हो." आणि बाई रडायला लागल्या. खूश होऊन रडत होत्या, असं मला वाटलं. समितीने 'पश्चात्ताप' असं नोंदवलं.

उरलेले दोन दिवस पुढच्या ठरावात गेले. समानता तर भंगली होती. आता एकच न्याय्य मार्ग होता: बाई सर्वांच्या वतीने उतरल्या असं मानण्यात यावं. ठराव संमत होताच आम्ही आठही जण अधिकृतपणे बेटावर जाऊन आलेले ठरलो आणि फोटोंवरची बंदी उठली. पाच मिनिटांत आठ पोस्ट पडल्या. माझी होती, 'आज अख्खं बेट पालथं घातलं!' दोनशे बारा जणांना ती आवडली. फोटोत माझ्या पायाखाली बोटीच्या फळ्या स्पष्ट दिसतात. त्याबद्दल अद्याप कोणी विचारलेलं नाही.

मुलुंडात पोचल्यावर बाई ग्रुपमधून बाहेर पडल्या. आता त्यांना समोरच्या माणसाचा चेहरा नीट दिसत नाही, पण शाळेतल्या जुन्या पोरांना घरी बोलावून त्या ते पान उलटून दाखवतात असं ऐकतो.

पुढच्या वर्षीच्या सहलीत त्यांची एक जागा रिकामी आहे. त्यासाठी एकतीस अर्ज आले. सचिव या नात्याने मी ते सगळे वाचले. खिडकीकडची केबिन मिळेल का, वायफाय आहे का, नाश्ता आपला असतो का, फोटो ग्रुपवर कधी टाकता येतात, असे एकूण चौऱ्याण्णव प्रश्न त्यांत आहेत. बेटावर उतरता येतं का, असं एकाही अर्जात विचारलेलं नाही. सतरावा अर्ज तुमचा आहे. मंजूर झाला आहे.