दौलतरावांचे दिवे

"आनंदा, डेपोच्या गेटापाशी उभा राहा आणि नुसतं समोर बघ! ज्या गाडीचे दिवे बघून डोळे दिपतील, ती आपली! दुसरीकडे बघूच नकोस!"

दौलतराव फोनवर हे इतक्या मोठ्यांदा बोलले की चाळीच्या तिन्ही मजल्यांना पाठ झालं. पलीकडून, गावच्या शेजाऱ्याच्या फोनवरून, आनंदा "हो हो" म्हणाला. दौलतरावांनी खात्रीसाठी पुन्हा सांगितलं. आनंदा पुन्हा "हो हो" म्हणाला. तिसऱ्यांदा सांगणार तोच बायकोने, सुभद्राने, त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

"अहो, डोळे दिपतील म्हणालात, पण दिवे बघितलेत का आपले?"

बघितले होते. शेठकडे वीस वर्षं ड्रायव्हरकी केल्यावर शेठने निवृत्तीच्या वेळी त्यांना आपली जुनी पांढरी गाडी देऊन टाकली होती. दौलतराव ती रोज सकाळी देवाच्या आधी धूत. पण पुढचे दिवे काही धुऊन निघत नव्हते. प्लास्टिकवर पिवळट, धुरकट साय धरलेली. लावले तर उजेड बाहेर पडायचाच नाही, आतच बसून राहायचा.

आणि शनिवारी आनंदा येणार होता!

आनंदा म्हणजे दौलतरावांचा मिलमधला जोडीदार. कापड विणायच्या साचेखात्यात चौदा वर्षं दोघांचे साचे, म्हणजे माग, शेजारी शेजारी. एक चहाला गेला की दुसरा दोघांचे साचे बघायचा. संपाला वर्ष उलटून गेलं, घरात खायचे वांधे झाले, तेव्हा आनंदा ट्रंक डोक्यावर घेऊन गावी गेला. "मिटला की येतो," म्हणाला. सत्तावीस वर्षं झाली. संप मिटला नाही आणि आनंदाही आला नाही. मिलच्या जागी काचेचा टॉवर आला. त्या दिवशी ट्रंक घेऊन आनंदा परळ डेपोपर्यंत चालत गेला होता आणि दौलतरावांना त्याच्यासाठी साधी टॅक्सी करता आली नव्हती. ही गोष्ट त्यांनी सुभद्रालासुद्धा कधी सांगितली नव्हती, पण परळ डेपोवरून जाताना दर वेळी ते मान दुसरीकडे वळवायचे.

आणि आता त्याचं कार्ड आलं होतं: "शनिवारी सातच्या गाडीने परळला उतरतो. रविवारी भांडुपला पुतण्याचं लग्न, सोमवारी परत. भेटलास तर बरं. नाही दिसलास तर सरळ भांडुपला जाईन."

नाही दिसलास तर! या तीन शब्दांनी दौलतरावांची झोप उडवली होती. सत्तावीस वर्षांत केस गेले, मिशा पांढऱ्या झाल्या, पोट आलं. डेपोच्या गर्दीत कोण कोणाला ओळखणार? म्हणून तर दिवे!

"काका, टेन्शन नको," तळमजल्यावरचा जयवंत म्हणाला. तो गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होता, त्यामुळे चाळीत त्याला इंजिनिअर समजत. "वॉटर पेपर आणतो, तीन नंबरचे. आधी खरखरीत, मग बारीक, मग एकदम बारीक. पाणी मारत घासायचं. मग रबिंग लावून पॉलिश. वरून क्लिअर लॅकरचा स्प्रे. काच नवीकोरी!"

"तू नुसतं सामान आण रे. घासायचं मला शिकवू नकोस. मी सुताचा नंबर बोटांनी सांगणारा माणूस आहे!"

शनिवारी सकाळी दहाला दौलतरावांनी अर्ध्या बाह्यांचा बनियन घालून अंगणात बैठक मारली. दिव्याभोवती चिकटपट्टी लावली, पाणी मारलं आणि घासायला सुरुवात केली. पाच मिनिटांत दिवा पिवळ्याचा पांढरा झाला. इतका पांढरा, की आतला बल्बसुद्धा दिसेना!

"अरे जयवंता! हा तर आंधळा झाला!"

"होतो काका. आधी बिघडतो, मग सुधारतो. घासत राहा!"

तोवर सगळी चाळ गॅलरीत उभी. कोणी म्हणालं टूथपेस्ट लावा. कोणी म्हणालं लिंबू चोळा. एकाने तर रॉकेल सुचवलं. दौलतराव कोणाकडे न बघता घासत होते. दुसरा कागद, तिसरा कागद. बोटांच्या टोकांना पृष्ठभाग रेशमासारखा लागायला लागला तसे ते खूश झाले. साच्यावरच्या कापडावरून हात फिरवायचे, तसाच त्यांचा हात फिरत होता.

पॉलिशसाठी मऊ कापड हवं होतं. ते वर गेले आणि ट्रंकेतून एक पांढरा तुकडा काढून आणला. त्यांच्या आणि आनंदाच्या साच्यांवरचं शेवटचं कापड. संपाच्या आधीच्या आठवड्यातलं. दौलतरावांनी तो तुकडा दिव्यापर्यंत नेला, थांबले, परत घडी केली आणि सुभद्राच्या हातात दिला. मग अंगातला बनियन काढला आणि त्याने पॉलिश केलं!

दुपारी दोनला दिवे असे झाले की सुभद्राने त्यात बघून कुंकू नीट केलं.

आता शेवटचं काम, लॅकर. जयवंतने बजावलं, "मारल्यावर दोन तास धुळीचा कणसुद्धा लागता कामा नये. चिकट असतं ते."

लालबागमध्ये धूळ नको! समोर आंबेडकर रोडवर पुलाचं काम चाललेलं, मागे आणखी एका टॉवरचं. दौलतरावांनी गाडी चाळीच्या मागच्या अंगणात भिंतीला लावली, जिथे वारा येत नाही. स्प्रे मारला. मग मध्यभागी उभं राहून त्यांनी वर तोंड करून हुकूम सोडला.

"ऐका! पाच वाजेपर्यंत कोणीही झाडू मारायचा नाही! गॅलरीत नाही, जिन्यात नाही, कुठेच नाही! ज्याच्या हातात झाडू दिसेल त्याचं माझं जन्माचं वैर!"

हुकूम सोडून ते अंघोळीला गेले. आता दिवस मे महिन्याचे. मे महिन्यात लालबागमध्ये काय चालतं, हे दौलतरावांना वेगळं सांगायला नको होतं. पण आनंदाच्या नादात त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. बरोबर गाडीच्या वर, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, सखुबाईंनी डंकाच्या गिरणीतून कुटून आणलेला वर्षाचा पाच किलो मसाला जुन्या साडीवर गार करायला पसरला होता. मसाला गार झाला. सखुबाईंनी तो बरण्यांत भरला. गॅलरीत सांडलेला झाडायला त्यांनी झाडू उचलला, आणि त्यांना हुकूम आठवला. शब्दाला जागणारी बाई! त्यांनी झाडू ठेवला, सांडलेला मसाला हातानेच साडीत गोळा केला, साडी कठड्यावरून बाहेर काढली आणि चांगली चार वेळा झटकली.

दौलतराव टॉवेलवर खाली आले तेव्हा दोन्ही दिवे मिसळीच्या तर्रीसारखे लाल झाले होते.

"सखुबाई!!"

"काय झालं भावोजी? मी झाडूला हात नाही लावला हो! विचारा कोणालाही!"

दौलतरावांनी ओला फडका घेतला आणि डावा दिवा पुसायला गेले. मसाला निघाला नाही, उलट सगळीकडे सारखा पसरला. त्याच हाताने त्यांनी कपाळाचा घाम पुसला, आणि मग पंधरा मिनिटं नळाखाली डोकं धरून बसले. चार वाजून गेले होते. त्यांनी डावा दिवा पुन्हा कागदाने घासायला घेतला. तो पुन्हा पांढरा झाला. बिघडला, पण सुधारेना, कारण रबिंग संपलं होतं, लॅकरची बाटली रिकामी होती आणि जयवंत दुकानात गेला होता.

सहा वाजता गाडी निघाली. एक डोळा दुधी, एक लालभडक. शेजारी सुभद्रा, मांडीवर कोलंबीच्या कालवणाचा डबा.

"तोंड पाडून बसू नका," ती म्हणाली. "भावोजी दिवे बघायला येत नाहीयेत."

"मी त्याला तेच सांगितलंय गं. दिवे बघ म्हणून! आता तो बघणार कुठे?"

डेपोच्या गेटापाशी त्यांनी गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि दिवे चालू ठेवले. असतील तसे असोत, दिवे ते दिवेच. लगेच हवालदार आला.

"ओ काका! पुढे लाल दिवा? ही गाडी येतेय का जातेय?"

"माझा जोडीदार येतोय साहेब. सत्तावीस वर्षांनी. पाच मिनिटं."

पाच मिनिटांचा तास झाला. बस यायचं नाव नाही. आणि उजवा दिवा तापत गेला तसा मसाला भाजायला लागला! आधी सुभद्रा शिंकली. मग हवालदार. मग रिझर्वेशनची अख्खी रांग ठसकायला लागली. "मिरच्या कोण जाळतंय रे?" अशी ओरड झाली. हवालदार नाकाला रुमाल लावून जो लांब गेला तो परत आलाच नाही. बघता बघता गाडीभोवती चांगली मोठी जागा मोकळी झाली आणि त्या जागेत एकटे दौलतराव डोळे पुसत उभे राहिले. पाणी मसाल्याचं होतं की कशाचं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आठ वाजता बस आली. माणसं उतरली. आणि दौलतरावांना तो दिसला! वाकलेला, टोपी घातलेला, हातात पिशवी. चालायची ढब मात्र तीच. तो इकडेतिकडे बघत टॅक्सीच्या रांगेकडे निघाला होता.

"आनंदा! अरे आनंदाऽऽ!"

आनंदाने मान वळवली नाही. दौलतराव घसा फुटेपर्यंत ओरडले. गाड्यांचे हॉर्न, कंडक्टरच्या शिट्ट्या. आनंदा टॅक्सीवाल्याशी बोलायला वाकला.

दौलतरावांचे हात आपोआप वर गेले. साचेखात्यात शेकडो साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याचा शब्द ऐकू येत नसे. सगळं बोलणं हातांनी आणि ओठांनी. त्यांनी दोन मुठी जुळवून झटक्यात तोडल्या आणि पंजा आत ओढला. तुझा धागा तुटलाय, ये. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

आनंदाने टॅक्सीतून डोकं बाहेर काढलं. त्याची नजर फिरली, थांबली. पिशवी खाली पडली आणि त्याचा उजवा हात वर गेला, तळवा फिरला. आलो.

मग दोघे म्हातारे डेपोच्या मधोमध एकमेकांना धरून उभे राहिले आणि मागच्या बसने कितीही हॉर्न वाजवला तरी हलले नाहीत.

"माझे दिवे दिसले नाहीत ना तुला?" दौलतरावांनी शेवटी विचारलं.

"दिवे? खंयचे दिवे?"

"अरे, फोनवर सांगितलं ना! तीनदा सांगणार होतो!"

आनंदा त्यांच्या ओठांकडे बघत हसला. "फोनार माका काय्येक ऐकाक येणा नाय रे. साच्यांनी कान खाल्ले. तुझो आवाज आसा, इतक्याच कळला, म्हणान हो हो म्हटलंय."

दौलतरावांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी मोठ्या ऐटीत मोटारीचं मागचं दार उघडून जोडीदाराला बसवलं, स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि चावी फिरवली. गाडी खाकरलीसुद्धा नाही. दोन तास दिवे लावून बॅटरी पार उतरली होती!

झालं. सुभद्राला स्टिअरिंगवर बसवलं. "सरळ धरायचं. मी ओरडलो की मधलं पेडल दाबायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही!" आणि दोघे म्हातारे मागून ढकलायला लागले. परळ ते लालबाग. एकेक हात गाडीला, एकेक हात बोलायला. कोण गेला, कोणाची मुलं काय करतात, आनंदाची बायको कशी गेली. बोलणं तसंच महत्त्वाचं निघालं की दोन्ही हात लागत, आणि मग गाडी थांबे. मागून एक टॅक्सीवाला ओरडला, "अंकल, सेकंड डालो, क्लच छोडो, चालू हो जाएगी!"

"अहो, काय म्हणतोय तो?" आतून सुभद्रा.

"काही नाही! तू पुढे बघ!"

दहा मिनिटांच्या वाटेला सव्वा तास लागला. चाळीच्या दारात आनंदाला लग्नघरी न्यायला आलेला त्याचा दुसरा पुतण्या रघुवीर घड्याळाकडे बघत उभा होता. सगळी चाळ आनंदाभोवती गोळा झाली, सखुबाईंनी मसाल्याची पुडी हातात कोंबली, दोन घास कालवण झालं आणि आनंदा भांडुपला गेलासुद्धा. गल्लीच्या टोकापर्यंत त्याचा हात टॅक्सीच्या खिडकीतून बाहेर होता, तळवा फिरत होता.

सकाळी जयवंत गाडीत बसला. दोन पोरांनी मागून जेमतेम चार पावलं ढकललं, त्याने सेकंड टाकून क्लच सोडला आणि गाडी झटक्यात सुरू झाली.

सुभद्राने कमरेवर हात ठेवले. "वीस वर्षं शेठची गाडी चालवलीत, आणि हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

दौलतरावांनी फडका उचलला आणि उजवा दिवा पुसायला घेतला.

"काल क्लच खराब होता," ते म्हणाले.