तेराशे बेचाळीस फसलीचा बस्ता कैसा सोडविला त्याची हकीकत

सिद्धेश्वरास दंडवत घालोन लिहिणार लिहितो ऐसे जे, लातुरास नवा जिल्हा जाहाला आणि मागोमाग दुष्काळही मुक्कामास आला. मग जुन्या जिल्ह्याहून निजामशाही कागदांचे बस्ते सात ट्रक भरोन निघाले आणि गोलाई बाजारामागील एका भाड्याच्या गोदामात उतरले. त्या दप्तरखान्याचे किल्लेदार गुरुपादप्पा रेकॉर्डकीपर, उमर अठ्ठावन्न, दम्याने जेर, परंतु बस्ता नुसता हुंगोन तालुका सांगत ऐसी त्यांची ख्याती होती.

ते समयी वरून खलिता आला जे, खजिना टँकरांकडे वळविला आहे, सबब निम्म्या रसदीवर गड राखावा. मग अधीक्षकसाहेब, जे पुण्याकडून नुकतेच बदलून आले होते, यांनी मसलत करोन फर्माविले जे, दप्तरखाना फक्त बुधवारी उघडेल, दिवा एकच जळेल, आणि उर्दू वाचणाऱ्याची असामी रद्द. आणि बस्त्यांवर १३४२, १३४५ ऐसे आकडे पाहोन साहेब थरारले, आणि हुकूम केला जे, हा सहाशे वर्षांचा ऐवज असे, पुराणवस्तूवाले येईतो कोणी हात लावू नये. निजामाचे फसली साल इंग्रजी सालाच्या पाचशे नव्वद वर्षे मागे चालते, हे इकडील कोणाही म्हाताऱ्यास ठावे. गुरुपादप्पा ते सांगावयास तोंड उघडते जाहाले, तो खोकल्याची उबळ आली, आणि साहेब पुढे निघोन गेले.

इतक्यात एके बुधवारी औसा तालुक्यातील एका वाडीहून सिद्धम्मा नामे वृद्ध बाई चालोन आल्या. वाडीच्या विहिरीस तेथील बडे जमीनदार आप्पासाहेब यांनी, ही आमची खासगी, म्हणोन कुलूप ठोकिले होते. तहसिलीचा हुकूम ऐसा जे, विहीर गावाची असल्याचा कागद गुरुवारपर्यंत दाखवावा, नाही तर कुलूप कायम. कागद बेचाळीसच्या बस्त्यात होता. आणि सिद्धम्मांची सून दिवस भरलेली, तरी दीड कोसावरून घागरी वाहत होती.

साहेब म्हणाले, "बाई, सहाशे वर्षांच्या कागदाला हात लावता येणार नाही."

सिद्धम्मा खाली बसल्या आणि बोलल्या, "साहेब, बेचाळीसला माजं लगीन झालं. मी काय सहाशे वर्साची हाय का?"

तेव्हा साहेबांनी बाईंचे तोंड बराच वेळ न्याहाळिले, मनात वजाबाकी केली, घाम पुसला, आणि बंदीचा हुकूम मागे घेतला. इतका सरळ पराभव मोठमोठ्या सरदारांस पत्करवत नाही, हे साहेबांच्या बाजूने नमूद करणे प्राप्त आहे.

मग बस्ता सुटला, तो आत सगळी उर्दू. गुरुपादप्पा मोडीचे पटाईत, उर्दूपुढे निरुपाय. तो बाकड्यावर आपल्या कागदासाठी ताटकळत बसलेले निवृत्त पोस्टमास्तर व्यंकटराव उठोन बोलले, "आणा हिकडं. निजामाच्या शाळेत छड्या खाऊन शिकलो हाय." आणि दिवा अपुरा म्हणोन बस्ता दारातल्या उन्हात ओढिला, आणि दोन प्रहरी कागद हाती लागला जे, सदरहू विहीर सरकारातून समस्त गावास खोदोन दिली असे. सिद्धम्मांनी ते तीन वेळा वाचवोन घेतले.

साहेबांनी तेथेच फर्मान काढिले जे, उर्दू जाणणाऱ्या वृद्धाने बुधवारी आपल्या कागदासाठी यावे, त्याचा कागद आधी काढावा, आणि त्याने चहा घेऊन बाकीच्यांचे कागद वाचोन द्यावे. पुढल्या बुधवारपासोन म्हातारे औशाहून, निलंग्याहून एस.टी.ने लोटले. कित्येकांस कागद नकोच होता, कोणी आपले वाचणे ऐकावे इतकीच हौस होती. ते पाहोन गुरुपादप्पांचे डोळे भरोन आले, आणि त्यांनी दोष दम्यास दिला.

येणेप्रमाणे निम्म्या रसदीवर गड राखिला. गुरुवारी तलाठ्याने कुलूप काढिले. पहिला पोहरा सिद्धम्मांनी सोडिला आणि सुनेस सावलीत बसविले. रांगेच्या शेवटी आप्पासाहेबांचे कुटुंब चतुराबाई रिकामी घागर घेऊन, मान खाली घालोन उभ्या होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा सिद्धम्मा म्हणाल्या, "आन हिकडं," आणि घागर काठोकाठ भरोन दिली. कलम समाप्त.