हौसाबाईंच्या फोटोखालचे नाव

पेणहून निघताना हौसाबाईंच्या फोटोखाली हौसाबाईंचे नाव असे. रोह्यात पोहोचल्यावर त्याच फोटोखाली 'कै. नथू म्हात्रे' असे नाव असे. फाईल ई-मेलने जात होती, त्यामुळे वडखळच्या वाहतूक कोंडीला दोष देण्याची सोय नव्हती.

वाल उत्पादक संघाची दोन कार्यालये आहेत, एक पेणला रामवाडीत आणि दुसरे रोह्यात. संघ दरवर्षी 'कै. नथू म्हात्रे स्मृती सन्मान' देतो. या वर्षी तो कडव्या वालाचे जुने बियाणे जपल्याबद्दल हौसाबाईंना जाहीर झाला होता आणि शनिवारी रोह्यात, संघाच्या वार्षिक पोपटीच्या, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांच्या मेजवानीच्या वेळी द्यायचा होता. सन्मानपत्रावर डावीकडे नथू म्हात्रे यांचा फोटो, उजवीकडे हौसाबाईंचा, आणि दोघांच्या खाली ज्याचे त्याचे नाव. ते पेणच्या कार्यालयात अनिताने तयार केले होते. अनिता ही हौसाबाईंची सून. छपाई रोह्यात होई, कारण रंगीत प्रिंटर तेथे होता. फाईल बदलता येईल अशीच पाठवावी लागे, कारण अध्यक्ष गोविंदशेठ यांना शेवटच्या क्षणी मजकुरात स्वतःसाठी एखादे विशेषण वाढवायचे असे.

पेणचे सचिव हरेश यांनी आपल्या कार्यालयात मोफत ऑफिस सॉफ्टवेअर बसवले होते. धाटावच्या एका प्रयोगशाळेतून ते निवृत्त झाले होते, आणि पुराव्याशिवाय ते चहाही गोड मानत नसत. रोह्याचा संगणक सांभाळणारा आदर्श मात्र विकतच्या सॉफ्टवेअरचा कट्टर समर्थक होता. मोफत सॉफ्टवेअर कसे बिघडते हे सर्वांना दिसावे म्हणून त्याने छापील नमुन्याचा फोटो संघाच्या ग्रुपवर टाकला.

बिघाड कोणालाच दिसला नाही. सर्वांना दिसला तो हौसाबाईंचा फोटो आणि त्याखालचे 'कै.'. ग्रुपवर हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. पुतण्या नितेश धाटावहून शिफ्ट अर्धी टाकून बाईकवरून आला आणि डोक्यावरचे हेल्मेट न काढताच पडवीत शिरला. हौसाबाई सूप घेऊन वाल निवडत होत्या.

"काकी, तू हायस?"

"हाय. तुला कोणी काय सांगितलं?"

त्याच्यामागून शेजारच्या चौघी रडण्याच्या तयारीने आल्या आणि चहा पिऊन परत गेल्या. अनिता घरी पोहोचली तेव्हा हौसाबाईंना सगळा उलगडा झालेला होता.

"मला मारलंस ते मारलंस गो," त्या म्हणाल्या, "पण नथूला माझ्या लुगड्यात बसवलास. जिता असता तर लाजून मेला असता."

अनिताने माफी मागितली. हौसाबाईंनी ती स्वीकारली नाही आणि आपली अट घातली: स्वतःचे नाव स्वतःच्या फोटोखाली छापलेले दिसेपर्यंत त्या पोपटीच्या मडक्याला हात लावणार नव्हत्या. ही अट साधी नव्हती. वालाच्या शेंगा, अंडी आणि बटाटे यांचे थर भांबुर्डीच्या पाल्यात कसे बसवायचे, तोंड बांधून मडके उलटे घातल्यावर भोवती जाळ किती ठेवायचा, हे संघात त्यांनाच येत असे. मागे एकदा त्या आजारी असताना इतरांनी मडके लावले होते. त्यात शेंगा कोळसा झाल्या आणि अंडी कच्ची राहिली, हे सभासद अजून विसरलेले नव्हते.

अनिताने दुसऱ्या दिवशी फाईल नव्याने केली, दोनदा तपासली आणि पाठवली. रोह्यात नथू म्हात्रे पुन्हा उजवीकडे गेले. तिसऱ्यांदाही तेच झाले. मग गोविंदशेठ यांनी सर्वांना फोनवर एकत्र घेतले.

आदर्शचे म्हणणे स्पष्ट होते. "फुकटच्यानं विकतच्याची बरोबरी करायला पायजे, काका. एकूण एक सोय. नायतर त्याला ऑफिसचं सॉफ्टवेअर म्हणू नका."

"त्यातल्या किती सोयी तू वापरतोस?" हरेश यांनी विचारले.

"वापरायचा प्रश्न नाय. गाडी दिवसा चालवली म्हणून हेडलाईट काढून ठेवता काय?"

हा मुद्दा टाकाऊ नव्हता आणि हरेश यांनी तो टाकलाही नाही. हेडलाईट गाडीला लागतोच, हे त्यांनी मान्य केले. मात्र या अपघाताला हेडलाईटच कारणीभूत होता याचा पुरावा त्यांनी मागितला. पुरावा म्हणून आदर्शने विकतच्या सॉफ्टवेअरमधल्या सोयींची नावे वाचायला सुरुवात केली. ती संपेनात, तेव्हा गोविंदशेठ यांनी निर्णय दिला. शुक्रवारी अखेरची संधी. पत्र तेव्हाही बिघडले तर शनिवारची पोपटी रद्द करायची आणि त्या पैशांत पेणसाठी विकतचे सॉफ्टवेअर घ्यायचे. ही बातमी घरी सांगण्याचे काम अर्थातच अनिताकडे आले. तिने ते शुक्रवारनंतर करायचे ठरवले.

शुक्रवारी हरेश कार्यालयाचा लॅपटॉप आणि अनिता यांना घेऊन एसटीने रोह्यात दाखल झाले. त्यांची पद्धत जुनी होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्यांनी आदर्शला तेच सन्मानपत्र त्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये अगदी कोऱ्या पानापासून करायला सांगितले. आदर्शने ते झपाट्याने केले. त्याच्या पडद्यावर दोन्ही नावे जागच्या जागी होती. मग ती फाईल पेणच्या लॅपटॉपवर उघडली. या वेळी नावे डावीकडे सरकली. हौसाबाई नथू म्हात्रेंच्या फोटोखाली आल्या आणि नथू म्हात्रे पानाच्या कडेला जाऊन उभे राहिले.

"बघा," आदर्श उत्साहाने म्हणाला, "फुकटच्यानं माझं पण बिघडवलं."

"शक्य आहे," हरेश म्हणाले आणि गोविंदशेठांकडे वळले. "तुमचा लॅपटॉप द्या."

गोविंदशेठांच्या लॅपटॉपवर आदर्शचेच विकतचे सॉफ्टवेअर होते. फाईल उघडली. नथू म्हात्रे दोन फोटोंच्या बरोबर मधोमध, कोणाचेच नसल्यासारखे थांबले होते.

गोविंदशेठ पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"ह्याचे तर मी पैसे भरलेत," ते म्हणाले.

अनिताला धीर आला, पण तो अर्धाच. मोफत सॉफ्टवेअर निर्दोष ठरत होते. तरी सासूबाईंचे नाव अजून जागेवर आलेले नव्हते. हरेश यांनी आदर्शला तीच ओळ पुन्हा, सावकाश टाईप करायला सांगितली. या वेळी त्यांनी पडद्याकडे न बघता आदर्शच्या हातांकडे बघितले. आदर्शचा अंगठा कीबोर्डच्या खालच्या लांब पट्टीवर एका लयीत पडत होता आणि ओठ हलत होते. शेजारी उभ्या असलेल्या अनिताचे ओठही त्याच लयीत हलत होते.

तिच्याच ते प्रथम लक्षात आले. "तू पोपटसरांच्या क्लासला होतास काय रे?"

"व्हय. पेणला, जिन्यावरच्या खोलीत." आदर्शचा अंगठा थांबला. "तू पण?"

पोपटसरांच्या क्लासात लोखंडी टाईपरायटर होते. त्यांवर शब्द मध्यभागी आणायचा तर मोकळ्या जागा मोजून ठोकाव्या लागत, आणि अंदाजाने ठोकणाऱ्याच्या बोटांवर सर फुटपट्टी मारत. दोघेही विशेष प्रावीण्याने उत्तीर्ण झाले होते.

हरेश यांनी दोन फोटोंखाली दोन चौकटी आखल्या, नावे त्यांत घातली आणि मधोमध आणण्याचे बटण दाबले. मग फाईल तिन्ही यंत्रांवर उघडली. एकही नाव हलले नाही. गोविंदशेठांनी 'कार्यकुशल' हे विशेषण वाढवून पाहिले. तरीही हलले नाही. अनिताने त्यांच्यासमोरच सासूबाईंना फोन लावला आणि उद्यासाठी भांबुर्डीचा पाला आणून ठेवायला सांगितला.

शनिवारी हौसाबाईंनी सन्मानपत्र हातात घेतले. आधी फोटो पाहिला, मग त्याखालचे नाव अनिताकडून दोनदा वाचून घेतले, आणि मगच मडके पुढे ओढले. शेंगा नीट शिजल्या. पोपटसरांनाही मुद्दाम बोलावले होते. सगळी हकिकत ऐकून झाल्यावर ते अंडे सोलत म्हणाले, "पण मोजलंच नाय, तर मधोमध आलं हे कळणार कसं?" त्यावर आदर्शने मान हलवली. ती होकाराची होती.

हरेश यांनी सोमवारी दोन्ही कार्यालयांना कारण लेखी कळवले. नावे फोटोंखाली आणण्यासाठी दोन्हीकडे मोकळ्या जागा मोजून भरल्या जात होत्या. मूळ फॉन्ट ज्या संगणकावर नसे तेथे दुसरा लागू होई, त्याची मोकळी जागा कमी-अधिक रुंद असे, आणि नावे सरकत. मजकूर मधोमध आणण्याची सोय मोफत सॉफ्टवेअरमध्ये आहे, विकतच्यातही आहे. ती कोणीही वापरलेली नव्हती.